तेंच तें स्वप्न व आपला धीर

(स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहांत झालेलें भाषण)



आजचा विषय ऐकून पुष्कळांना हंसूं आलें असेल. फी, शिष्यवृत्ति, नोकऱ्यांच्या जागा, शेतमालाचा भाव असे शंभर प्रश्न दारांत उभे असतां हे गृहस्थ स्वप्नांवर काय बोलणार, असें कोणी मनांत म्हणत असेल तर त्याचा आम्हांला राग नाहीं. परंतु या वसतिगृहाच्या चालकांनीं एक हकीकत सांगितली, तीवरूनच आम्हीं हा विषय घेतला आहे.

येथला एक हुशार विद्यार्थी परीक्षेला पंधरा दिवस उरले असतां पेटी बांधून गांवीं निघाला होता. कारण काय? तर त्याला चार वेळां एकच स्वप्न पडलें. परीक्षेच्या दालनांत तो बसला आहे, प्रश्नपत्रिका हातांत आहे, पण अक्षरें दिसत नाहींत. घंटा होते आणि कागद कोरा तो कोराच. त्यानें हें घरीं कळविलें. घरच्यांनीं जोशीबोवांना विचारलें. जोशीबोवांनीं पत्रिका मांडून सांगितलें कीं, यंदा योग नाहीं, ग्रह विरुद्ध आहेत. शांति करा आणि मुलाला परत आणा. सोबत्यांनीं हात धरून अडविलें म्हणून तो राहिला. तो आज या सभेंत बसला आहे. त्याचें नांव आम्ही घेत नाहीं, कारण तें स्वप्न त्याचें एकट्याचें नाहीं. या सभेंतल्या निम्म्या लोकांनीं तें पाहिलें असेल आणि कोणाला सांगितलें नसेल.

आतां विचार करा. बापानें बैल विकून मुलाला येथें ठेवला. तीन वर्षें त्यानें रात्रीचे दिवस केले. आणि एका स्वप्नानें व एका पत्रिकेनें तीं तीन वर्षें पाण्यांत जाणार होतीं! स्वप्नाला आम्ही क्षुल्लक गोष्ट कशी म्हणावी?

स्वप्नाचा व्यापार आजचा नाहीं. मत्स्यपुराणांत वाईट स्वप्नावर उपाय सांगितला आहे, तो काय? तिळांचा होम आणि ब्राह्मणांचें पूजन. स्वप्न पडायचें कुणब्याला आणि पूजन व्हायचें दुसऱ्याचें, असा हा सरळ हिशेब आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें, त्यांत हाच धंदा उघडा केला आहे. गरोदर कुणबिणीला ग्रहांचें भय घालून जोशी त्या गरीब जोडप्याला नागवतो. पण नाटकाचा शेवट रडण्यांत होत नाहीं. तें जोडपें शहाणें होऊन शिकावयास निघतें. भीतीवर उतारा शांतीचा नव्हे, शिक्षणाचा, हें जोतीरावांनीं तेव्हांच सांगून ठेवलें.

कोणी म्हणेल, हें जुनें झालें. आतां पंचांग कोण पाहतो? बाबांनो, पंचांगाच्या जागीं मोबाइल आला, एवढेंच. साप दिसला म्हणजे अमुक, दांत पडला म्हणजे तमुक, पाण्यांत बुडालों म्हणजे घरांत मरण, असे अर्थ सांगणारे आतां खिशांतच बसले आहेत. आणि हा धंदा आतां एका जातीचा राहिलेला नाहीं. आपल्यांतलेही पुष्कळ जण दुकान मांडून बसले आहेत. भिक्षुकी जातीनें होते तशी वृत्तीनेंही होते. आपला माणूस लुबाडतो म्हणून ती लूट गोड होत नाहीं.

ज्यांना जुन्या ग्रंथांचाच आधार हवा त्यांना आम्ही चरकसंहिता दाखवितों. तिच्या इंद्रियस्थानांत स्वप्नांचे सात प्रकार केले आहेत: पाहिलेल्या गोष्टीचें, ऐकलेल्या गोष्टीचें, अनुभवलेल्या गोष्टीचें, इच्छिलेल्या गोष्टीचें, कल्पिलेल्या गोष्टीचें, पुढें घडणारें सुचविणारें, आणि शरीरांतील दोष बिघडल्यानें पडणारें. यांपैकीं पहिलीं पांच निष्फळ समजावीं, असें ग्रंथकारच वैद्याला सांगतो. सहाव्या प्रकारावर आमचा विश्वास नाहीं. पण तो असणाऱ्यानेंही हा हिशेब पाहावा. पाहिलेलें, ऐकलेलें, भोगलेलें, हवेंसें वाटलेलें आणि मनांत रचलेलें स्वप्नांत येतें, त्यांत भविष्य नसतें, हें त्या जुन्या वैद्यालाही दिसलें होतें. जोशीबोवांना मात्र तें सोयीचें नाहीं, म्हणून तें पान ते उघडीत नाहींत.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. १९५३ सालीं अमेरिकेंतील शिकागो येथें युजीन अॅसेरिन्स्की व नेथॅनियल क्लाइटमन या दोघा संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, झोपेंत ठराविक वेळानें बंद पापण्यांखालीं बुबुळें जलद हालूं लागतात, आणि त्या वेळीं उठविलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. अशी पाळी सुमारें दर दीड तासानें येते. मोठ्या माणसाच्या झोपेचा चौथा-पांचवा हिस्सा या प्रकारांत जातो. या वेळीं मेंदू चांगला जागृत असतो, पण हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असतात. हें ढिलेपण सुटण्याआधींच माणूस जागा झाला तर त्याला कांहीं क्षण हलतां येत नाहीं, ओरडतां येत नाहीं. छातीवर कोणीतरी बसल्यासारखें वाटतें. गांवांत यालाच भूत बसलें म्हणतात आणि कोंबडें कापतात. भूत नाहीं, बंधूंनो; मेंदू उठला आणि शरीर उठायचें राहिलें, इतकाच तो प्रकार.

पण तेंच तें स्वप्न पुन्हां पुन्हां कां पडतें? कोणीतरी पाठीस लागलें आहे, उंचावरून पडत आहों, गाडी चुकली आहे, परीक्षेची तयारी नाहीं: हीं स्वप्नें जगांतल्या सर्व देशांतल्या लोकांना पडतात, आणि बहुतेक त्रासदायकच असतात. १९८६ सालीं कॅनडांतील ब्राउन व डॉंडेरी या मानसशास्त्रज्ञांनीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, ज्यांना असें स्वप्न सध्यां पडत आहे त्यांच्या मनाची स्थिति इतरांपेक्षां वाईट असते. आणि ज्यांना तें पूर्वीं पडे पण आतां थांबलें आहे त्यांचें मन चांगलें स्वस्थ असतें. म्हणजे वारंवार पडणारें स्वप्न हें न मिटलेल्या तंट्यासारखें आहे. तंटा मिटला नाहीं तोंवर तारीख पडत राहते. हें स्वप्न उद्यांची बातमी आणीत नाहीं; कालची थकबाकी दाखवितें.

परीक्षेच्या स्वप्नाविषयीं तर फार मौजेची गोष्ट आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नांवरील प्रसिद्ध ग्रंथ १८९९ च्या अखेरीस बाहेर पडला. त्यांचीं सगळींच मतें आज कोणी मानीत नाहीं, आम्हीही मानीत नाहीं. पण एक निरीक्षण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. नापास होण्याच्या भीतीचें स्वप्न माणसाला ज्या परीक्षेंत तो पास झाला तिचेंच पडतें, असें त्यांनीं लिहिलें. ते स्वतः न्यायवैद्यकाच्या परीक्षेंत नापास झाले होते; तिचें स्वप्न त्यांना कधीं पडलें नाहीं. पडे तें वनस्पतिशास्त्राचें, प्राणिशास्त्राचें, रसायनाचें, ज्यांत ते पार पडले होते. तेव्हां त्यांनीं अर्थ लावला कीं, हें स्वप्न भय घालीत नाहीं, धीर देतें: मागेंही तूं असाच घाबरला होतास, आणि तरी निभावलास.

हें एका डॉक्टराचें मत झालें. आतां मोजणी ऐका. पॅरिसमध्यें वैद्यकीच्या प्रवेशाची मोठी चुरशीची परीक्षा होती. इझाबेल आर्न्युल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या विद्यार्थ्यांना त्यांचीं स्वप्नें विचारलीं. तो अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ७१९ विद्यार्थ्यांनीं उत्तरें दिलीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं त्यांपैकीं सुमारें ६० टक्क्यांना परीक्षेचें स्वप्न पडलें होतें, आणि त्यांतल्या सुमारें ७८ टक्के स्वप्नांत कांहीं ना कांहीं घोटाळा होता: उशीर झाला, उत्तर आठवेना. मग हे सगळे नापास झाले काय? उलट, ज्यांना परीक्षेचीं स्वप्नें पडलीं त्यांचे गुण न पडलेल्यांपेक्षां सरस निघाले. स्वप्नामुळें गुण मिळाले असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या मनांत परीक्षा खोल शिरली आहे त्याच्या झोपेंतही ती येते, असेंच त्यावरून दिसतें. पण एवढें पक्कें कीं, स्वप्नांत कागद कोरा राहिला म्हणून जागेपणीं तो कोरा राहत नाहीं. आमच्या तरुण मित्रानें आपली पेटी आतां सोडावी.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगतों. कारण दुसऱ्याला धीर सांगणाऱ्यानें आपली भीति लपवूं नये.

गांवची चौथी संपवून आम्ही तालुक्याच्या शाळेंत आलों. पहिल्याच आठवड्यांत मास्तरांनीं धडा वाचावयास उभें केलें. धडा आम्हांला तोंडपाठ होता. आम्हीं वाचलें, ‘पानी’. मास्तर थांबले, नाकांत बोलून त्यांनीं तो शब्द दोनदां म्हणून दाखविला, आणि सारा वर्ग खो खो हंसला. पुढें वर्षभर आमचें नांव ‘पानी’ असेंच पडलें. त्या वर्षीं जें स्वप्न सुरूं झालें तें तीस वर्षें सुटलें नाहीं. अंधारा वर्ग आहे, पुस्तक उघडें आहे, सगळे आमच्याकडे पाहत आहेत, आणि जीभ टाळूला चिकटली आहे.

या स्वप्नाचा अर्थ आम्ही पुष्कळ वर्षें एकच लावीत होतों: ‘तूं बोलूं नकोस, तुझें हंसें होईल.’ आणि तो हुकूम आम्ही पाळीतही होतों. सभेचें आमंत्रण येई, आदल्या रात्रीं स्वप्न पडे, आणि सकाळीं आम्ही प्रकृति बरी नसल्याची चिठ्ठी पाठवूं. असें तीन वेळां केलें. मुलाखतीच्या वेळींही तोंडांतून शब्द फुटला नाहीं आणि नोकरी गेली. सांगा, आमच्यावर राज्य कोणाचें होतें? त्या मास्तरांना ती गोष्ट दुसऱ्या दिवशींही आठवली नसेल. त्यांचें हंसणें आम्हीच तीस वर्षें डोक्यांत पोसलें.

पुढें एका डॉक्टर मित्राच्या सांगण्यावरून आम्ही तें स्वप्न तारीख घालून वहींत लिहूं लागलों. पांच-सहा नोंदी झाल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही कीं, स्वप्न केव्हांही येत नाहीं. चारचौघांत बोलावयाचें असतें त्याच्या आदल्या रात्रींच येतें. दुसरी ही कीं, स्वप्नांतलें उघडें पान आम्हांला पाठ असलेल्या धड्याचेंच असतें. म्हणजे विद्येची उणीव नव्हती! उणीव होती ती हंसणाऱ्यांपुढें उभें राहण्याची. मग आम्हीं स्वतःला विचारलें: ‘ण’ हें अक्षर बुद्धि मोजण्याचें माप कोणीं ठरविलें? ज्या लाखों माणसांनीं ‘पानी’ म्हणत विहिरी खणल्या, मळे पिकविले आणि ‘पाणी’ म्हणणारांना जेवूं घातलें, त्यांनीं जीभ गिळून कां बसावें? शुद्ध बोलणें शिकूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. शिकावें, आम्हीही शिकलों. पण न शिकलेल्याला लाज वाटावी ही कोणत्या गांवची रीत?

इतकें कळलें, तरी स्वप्न सुटलें नाहीं. कारण कळणें निराळें आणि वळणें निराळें. येथें एक उपाय उपयोगीं पडला. दुःस्वप्नांवर हा उपाय डॉक्टर लोक आज देतात. अमेरिकेंत बॅरी क्रॅकाउ व सहकाऱ्यांनीं अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांना घेऊन त्याची परीक्षा केली आणि निष्कर्ष २००१ सालीं तेथील मेडिकल असोसिएशनच्या पत्रांत छापले. ज्यांनीं हा उपाय केला त्यांचीं दुःस्वप्नें कमी झालीं व झोप सुधारली. रीत अगदीं साधी आहे. तिला दक्षिणा लागत नाहीं. ती अशी.

उठल्याबरोबर स्वप्न लिहून काढा, तारखेसह. त्याखालीं आपल्या मनाला तीन प्रश्न विचारा. स्वप्नांत मला नेमकें काय वाटलें: भय, लाज, राग कीं दुःख? जागेपणीं हेंच मला कोठें, कोणापुढें वाटतें? आणि आदल्या दिवशीं काय घडलें, किंवा दुसऱ्या दिवशीं काय करावयाचें होतें? साप म्हणजे काय आणि विहीर म्हणजे काय, याचा कोश शोधूं नका. जोशाचा कोश फेकून मानसशास्त्राचा नवा कोश डोक्यावर घ्याल तर दास्य तेंच राहील. गारुड्याच्या पोराला साप दिसणें निराळें आणि ज्याचा भाऊ सर्पदंशानें गेला त्याला दिसणें निराळें. तुमच्या स्वप्नाचा अर्थ तुमच्या आयुष्यांत आहे. तो लावण्याचा मक्ता कोणालाही देऊं नका.

मग तें स्वप्न दिवसां, जागेपणीं, आपल्या मनाला येईल तसें बदला आणि नव्यानें लिहा. रोज दहा-पंधरा मिनिटें डोळे मिटून तो नवा प्रकार मनांत पाहा. जुना घोळूं नका. आम्हीं असें लिहिलें: वर्ग हंसतो, मुलगा थांबतो आणि म्हणतो, ‘होय गुरुजी, पानी. आमच्या गांवची ज्वारी याच पान्यावर पिकते.’ आणि तो धडा शेवटपर्यंत वाचतो. महिन्या-दीड महिन्यानें स्वप्न आलें तें थोडें बदलून आलें. जीभ जडच होती, पण आम्हीं पान उलटलें होतें. पुढें तें क्वचित् येऊं लागलें.

पण केवळ डोळे मिटून काम भागत नाहीं. स्वप्नानें जें दार बंद करून ठेवलें आहे तें जागेपणीं थोडें तरी ढकललें पाहिजे. आम्ही पहिल्यांदा ग्रामसभेंत उभे राहून पाणीपुरवठ्यावर पांच मिनिटें बोललों. पाय कांपत होते. कोणी हंसलें नाहीं. एक म्हातारी म्हणाली, ‘बरं बोललास.’ धीर हा मनांत पिकत नाहीं, हातून झालेल्या कामांत पिकतो. स्वप्न फक्त रान दाखवितें. नांगर आपणच धरावयाचा.

आणखी एक गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला वारलेला बाप स्वप्नांत दिसे. बांधावर उभा राहून कांहीं न बोलता पाही. कोणीं पितृदोष सांगितला. तीर्थक्षेत्रीं तीन दिवसांचा विधि झाला, त्यासाठीं सावकाराचें कर्ज झालें. बाप पुन्हां येतच राहिला. अखेर एका रात्रीं तो शेतकरी बायकोजवळ रडला आणि बोलला कीं, शेवटच्या दुखण्यांत पैशांअभावीं बापाला मोठ्या दवाखान्यांत नेतां आलें नाहीं, तें काळजांत सलत आहे. त्या दिवसापासून तो गांवांतल्या आजारी म्हाताऱ्यांना आपल्या गाडींतून दवाखान्यांत नेऊं लागला. बाप अजून कधीं कधीं येतो. पण आतां भय वाटत नाहीं, असें तो म्हणतो. त्याला शांति हवी होती हें खरें. ती विकत मिळणारी नव्हती इतकेंच.

आतां दोन इशारे देऊन आम्ही संपवितों.

एक असा कीं, ज्याला रोज रात्रीं भयंकर स्वप्नें पडतात, झोप उडाली आहे, अत्याचाराचा किंवा अपघाताचा प्रसंग पुन्हां पुन्हां डोळ्यांपुढें येतो, किंवा जगूं नये असें वाटतें, त्यानें वहीवर विसंबूं नये, डॉक्टरला गांठावें. सरकारनें २०२२ सालीं टेलिमानस नांवाची सोय केली आहे. १४४१६ या नंबरावर बोलतां येतें. भगताकडे जाण्याची लाज वाटत नाहीं आणि मनाच्या डॉक्टरकडे जाण्याची वाटते, हा उलटा न्याय आपण सोडला पाहिजे.

दुसरा इशारा त्याहून महत्त्वाचा. हल्लीं आत्मविश्वास विकणारे पुष्कळ झाले आहेत. ते सांगतात कीं, तुम्ही मागें आहां कारण तुमचा तुमच्यावर विश्वास नाहीं. हें अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य लबाडाच्या हातांत पुऱ्या असत्याहून वाईट. गरिबाचा धीर जन्मतः खचलेला नसतो. तो पिढ्यान् पिढ्या खचविलेला असतो. फी भरतां न आल्यानें वर्गाबाहेर उभें राहिलेल्या मुलीला वर्गाबाहेरचें स्वप्न पडत असेल तर दोष तिच्या मनाचा नाहीं. तिला वही द्या आणि तिच्या फीसाठीं अर्जही द्या. वहीनें तिची झोप सुधारेल, अर्जानें तिचें वर्ष वांचेल. दोन्ही हवीं. स्वप्नांतली भीति एकट्यानें ओळखावी. पण ती पेरणारी व्यवस्था बदलायची तर एकजूट करावी लागते. १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां रस्त्यांत शेण आणि दगड खावे लागले. त्यांना रात्रीं कोणतीं स्वप्नें पडत होतीं हें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं. पण सकाळीं शाळा उघडत होती, हें सर्वांना ठाऊक आहे.

तेव्हां, आमच्या तरुण मित्रा, तुझें तें स्वप्न परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुन्हां पडेल. पडूं दे. आम्हांलाही काल रात्रीं आमचें पडलें, कारण आज येथें बोलावयाचें होतें. आणि आम्ही तुमच्यापुढें उभे राहून तासभर बोललों. तूंही सकाळीं ऊठ, तोंड धू, भाकरी खा आणि दालनांत जाऊन बस. घंटा होण्याआधीं तुझा कागद कोरा राहणार नाहीं. कारण तीन वर्षें जें लिहिलें गेलें आहे तें तुझ्या हातांत आहे, जोशीबोवांच्या पत्रिकेंत नाहीं. आणि निकाल काहींही लागो, गांवीं परत जाशील तेव्हां भिऊन गेलास असें कोणाला म्हणतां येऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.